संशयाची शिकवणी

यवतमाळ जिल्ह्यात खोटं बोलणाऱ्या माणसाला माझ्या साडूंइतका चांगला श्रोता आजवर मिळालेला नाही, आणि यापुढेही मिळायचा नाही. साधा माणूस खोटं ऐकून घेतो, फार तर मान डोलावतो. आमचे साडू डोळ्यांत पाणी आणून ऐकत, आणि सांगणाऱ्याचं सांगून संपलं की "मंग आता कसं करता बाप्पा?" असं विचारून त्याच्याहून जास्त काळजीत पडत. पुष्कळदा सांगणाराच गोंधळून जाई. आपण उगाच मारलेली थाप समोरचा इतकी मनावर घेतोय हे पाहून एकदोघांनी तर तिथल्या तिथे खरं सांगून टाकलं होतं. पण साडूंचा त्या खऱ्यावर विश्वास बसेना, कारण आधीचं जास्त कळवळून सांगितलं होतं!

ते धंद्यानं नर्स. पुरुषाला नर्स म्हणायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून ज्या खासगी दवाखान्यात ते कामाला होते तिथे सगळे त्यांना ब्रदर म्हणत. पेशंट, पेशंटचे नातेवाईक, समोरचा चहावाला, डॉक्टर, डॉक्टरांची सासू, सगळ्यांचे ते ब्रदर. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, एकदा डबा घेऊन दवाखान्यात गेली. गर्दीत तिनं बऱ्याचदा "अहो, अहो" करून पाहिलं, पण हे काही वळेनात. शेवटी वैतागून तिनंही "ब्रदर!" अशी हाक घातली, तसे ते ताबडतोब वळले. बाकावरची एक म्हातारी कौतुकानं मेव्हणीला म्हणाली, "लय गुणाचा आहे वो बाई तुहा भाऊ." मेव्हणी त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि आपण नेमकं काय चुकलो हे साडूंना आठवडाभर कळलं नाही.

त्यांना माणसाचा हात हातात आला की बोटं आपोआप मनगटाकडे सरकवायची सवय होती. हस्तांदोलन करायला हात पुढे करत आणि नाडी मोजायला लागत. मी एकदा आमच्या कचेरीतल्या साहेबांशी त्यांची ओळख करून दिली, तर हे साहेबांचा हात सोडीचनात. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नुसते उभे. साहेबांना वाटलं, पाहुण्यांना एसटी गाठायची घाई आहे. शेवटी साडूंनी हात सोडला आणि प्रेमानं म्हणाले, "जराशी जोरात पळून राह्यली, पन चिंता करू नका." साहेब त्याच दुपारी रजा टाकून घरी गेले, आणि पुढे माझ्या रजेचा अर्ज आला की साडूंची आठवण काढून तो बाजूला ठेवू लागले.

एकदा राळेगावच्या एसटीत आम्ही दोघं कशीबशी जागा मिळवून बसलो होतो. एक चांगला धडधाकट गडी आला आणि "कंबर पार गेली हो" म्हणाला. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत साडू उठले. त्या गड्यानं आधी स्वतः बैठक मारली, मग शेजारी पिशवी ठेवायची म्हणून मलाही उठवलं. आम्ही दोघं पूर्ण रस्ता दांडीला लोंबकळत गेलो. राळेगाव आलं, आणि गाडी थांबायच्या आत त्या कंबर गेलेल्या माणसानं दारातून उडी मारली आणि पिशवी खांद्यावर टाकून पळत सुटला. मी दात-ओठ खात साडूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा समाधानानं फुललेला. म्हणाले, "पाहा साडभाऊ, बसायले भेटलं तं कसा आराम पडला त्याले!"

हे सगळं एरवी चालून गेलं असतं. पण ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता. साडूंची राळेगावकडे भावाभावांत शेती. त्यांच्या वाट्याचा कापूस विकायला म्हणून गाडीत भरून यवतमाळला आला, आणि बाजाराच्या फाटकापाशी कुणीतरी त्यांना सांगितलं, "आता नका विकू ब्रदर. संक्रांत होऊ द्या, भाव चढते." कोण होता तो माणूस, असं मी नंतर विचारलं. "नाव नाई विचारलं, पन लय कळकळीनं सांगून राह्यला होता." त्या कळकळीपायी गाडी फाटकातून परत फिरली आणि कापूस साडूंच्या भाड्याच्या घराच्या बैठकीत छतापर्यंत चढला. खिडकी कापसामागे गेली, कॅलेंडर कापसामागे गेलं, लग्नातला फोटो निम्मा गेला. त्यात साडू बुडाले आणि मेव्हणी तेवढी वर राहिली. संक्रांत झाली, शिमगा झाला. भाव काही चढला नाही, कापसातले किडे मात्र चढले. घरात साठवलेल्या कापसानं अंगाला कशी खाज सुटते हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या साली निम्म्या जिल्ह्याच्या घरात कापूस होता, आणि निम्मा जिल्हा खाजवत होता. कचेरीत, बँकेत, देवळात, तेराव्याच्या पंगतीत लोक खाजवत बोलत आणि बोलत खाजवत. साडू सगळ्या घरादाराला दवाखान्यातलं गुलाबी औषध फासत. त्यांच्या घरी गेलं की ही मंडळी कुठल्याशा नाटकातून अर्धवट रंगून परत आल्यासारखी दिसत.

त्याच सुमारास दवाखान्यावर गदा आली. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की तो पहिल्यांदा आजारपण पुढं ढकलतो. लोकांनी आपापले हर्निया आणि मोतीबिंदू पुढच्या हंगामावर टाकले होते. डॉक्टर वयस्कर, मुलगा नागपूरला. त्यांनी दवाखाना बंद करून मुलाकडे जायचं ठरवलं. साडूंना तसं सांगितलं तेव्हा साडूंनी आपल्या नोकरीचं काय हे विचारलंच नाही. नागपूरचा उन्हाळा डॉक्टरांना सोसेल का, ही चिंता त्यांना लागली होती.

आणि मग एके दिवशी सकाळी माझी मेव्हणी पदरानं डोळे पुसत आमच्या घरी आली. "बाई, हे तुरुंगात जाऊन राह्यले."

माझ्या पत्नीच्या हातातलं ताट खाली पडलं. "काय केलं त्यांनी?"

"काई केलं नाई वो. नोकरीले जाऊन राह्यले."

मग उलगडा झाला. कारागृहात कैद्यांसाठी दवाखाना असतो, आणि तिथे कंत्राटावर एक नर्स घ्यायचा होता. साडूंनी अर्ज केला होता आणि पंधरवड्यानं मुलाखतीला बोलावणं होतं. मेव्हणीला नोकरी हवीच होती. घरात मिळवता माणूस एकच आणि कापूस तसाच पडून. पण ती म्हणाली, "तुम्हीच सांगा भाऊजी, तिथं सगळे एकापेक्षा एक बसले असतीन. हे तिथं गेले तं कोनी म्हनन का माह्या पोटात दुखते, मले जरा घरी सोडून द्या, अन् हे सोडून देतीन. मंग यायलेच आत टाकतीन."

माझी पत्नी म्हणजे मेव्हणीची मोठी बहीण. बायकोच्या मोठ्या बहिणीला आमच्याकडे अक्कडसासू म्हणतात, आणि हा शब्द बनवणाऱ्यानं आमच्या हिलाच समोर बसवून तो बनवला असावा. साडू जितके भोळे तितकीच ही संशयी. भाजीवाल्याचं वजन ती स्वतःच्या वजनानं मोजते. दुधात पाणी आहे हे दूधवाला कोपऱ्यावर दिसला तेव्हाच तिनं ठरवलेलं असतं. मला ताप आला तर थर्मामीटर लावते, काढते, झटकते, पुन्हा लावते, आणि शेवटी थर्मामीटरवरही भरवसा न ठेवता "बघू उद्या" म्हणते. तिनं पडलेलं ताट उचललं, पदर खोचला आणि जाहीर केलं, "जवाईबापूंना मी तयार करते. पंधरा दिवसांत त्यांना संशय घ्यायला शिकवते."

शिकवणीची सुरुवात तज्ज्ञाच्या सल्ल्यानं करायची ठरली. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी एक म्हातारे हवालदार बसत. सगळी नोकरी त्यांनी तुरुंगाच्या पहाऱ्यावर काढलेली. साडूंना घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. हवालदार खुशीत आले. "पाहा ब्रदर," ते म्हणाले, "आतल्या माणसाले दुखनं झालं म्हंजे त्याले काई तरी पाह्यजे असते. कोनाले दूध पाह्यजे, कोनाले खाट पाह्यजे, कोनाले कामातून सुट्टी पाह्यजे. अन् काहींले मोठ्या दवाखान्यात जायचं असते, काहून का तिथं बायकोपोरं लांबून तरी दिसतात."

साडू गंभीरपणे ऐकत होते. म्हणाले, "मंग याचं दुखनं तं खरंच झालं ना हवालदारसाहेब."

हवालदारांनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. मग त्यांनी प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. बोलता बोलता एकदम "अयाया" करून गुडघा धरला. साडू लगेच खाली बसले, गुडघा मांडीवर घेतला, हलक्या हातानं दाबत राहिले, खिशातली पट्टी काढून छान बांधून दिली. पट्टी बांधून झाल्यावर हवालदार ताडकन उठले आणि गिरणीभोवती चक्कर मारून आले. "फसले ना? काई झालं नवतं मले!"

साडू वर पाहत म्हणाले, "पन आता हलकं वाटते ना?"

हवालदारांनी गुडघा वाकवून पाहिला. "थे तं वाटते," म्हणाले, आणि पट्टी न सोडता परत बसले.

मग आमच्या हिनं शिकवणी आपल्या हातात घेतली. वर्ग साडूंच्या घरी भरे, कारण मुलाखतीचा सराव करायचा तर आपल्या घरच्या मुलांसमोर नको असं तिचं मत. जागा एकच, बैठकीतल्या कापसाच्या ढिगाचा पायथा. कैदी मी. रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की मी कापसावर आडवा होऊन विव्हळायचं, साडूंनी तपासायचं आणि मी खोटा आहे हे ओळखायचं, असा पाठ. माझा अभिनय फार उत्तम होता असं मी म्हणणार नाही. शाळेच्या नाटकात मी झाडाच्या पुढे गेलो नव्हतो. तरी पहिल्याच दिवशी मी "पोटात दुखतंय" म्हटल्यावर साडूंनी मला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पायाशी उशी दिली आणि मेव्हणीला माझ्यासाठी मऊ खिचडी टाकायला सांगितली.

"जवाईबापू, ते खोटं बोलताहेत!" आमची ही ओरडली.

"माहीत आहे बाई. पन उपाशी दिसून राह्यले."

हे खरं होतं. कचेरीतून मी तसाच आलो होतो. खिचडी चांगली झाली होती.

हळूहळू तिनं त्यांच्याकडून वाक्यं पाठ करून घेतली. कुणी काही दुखतं म्हटलं की लगेच हळहळायचं नाही. "कधीपासून?" विचारायचं. "काल तर चांगला होतास!" म्हणायचं. "उठून दाखव," म्हणायचं. आवाज कोरडा ठेवायचा. भुवया वर न्यायच्या. भुवयांनी फार छळलं. साडूंच्या भुवया एकदम वर जात आणि सगळा चेहरा आश्चर्यचकित दिसे, कैद्यानं एखादी आनंदाची बातमी सांगितल्यासारखा. मग तिनं एक भुवई वर न्यायला लावली. तो सराव ते दवाखान्यात जाता-येता सायकलवर करत. शेजारच्या बाईंनी मेव्हणीला विचारलं, "भाऊच्या तोंडावरून वारं गेलं का वो?"

पण माणूस मनापासून विद्यार्थी होता, आणि शिकवणारी हट्टी होती. दुसऱ्या आठवड्यात फरक दिसायला लागला. एके दिवशी मी विव्हळत असताना साडू कोरडेपणानं म्हणाले, "उठून दाखवा." मी उठलो. "चालून दाखवा." मी चाललो. "काल तं चांगले होते. जा बराकीत." मला खिचडी मिळाली नाही. आमची ही इतकी खूश झाली की तिनं परतीच्या वाटेवर जिलेबी घेतली, वजन न तपासता.

मग सगळं गावच हैराण झालं. साडूंनी चहावाल्याला विचारलं, हा आल्याचाच चहा कशावरून. कचेरीजवळच्या एका ओळखीच्या म्हाताऱ्यानं चक्कर येते म्हटलं तर त्याला एका पायावर उभं राहायला सांगितलं. बाजाराच्या फाटकापाशी एक माणूस त्यांना कळकळीनं काहीतरी सांगायला आला, तर एक भुवई वर करून त्याच्याकडे नुसतं पाहत राहिले. तो घाबरून निघून गेला. मी मनात म्हटलं, आता तुरुंगच काय, हे रेल्वेत तिकीट तपासनीस होतील.

आणि त्याच आठवड्यात मेव्हणीचं डोकं दुखायला लागलं. एरवी तिनं नुसतं कपाळ चोळलं असतं तरी साडूंनी चूल विझवून तिला झोपवलं असतं. त्या सकाळी त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कधीपासून? काल तं हासत होती." मग म्हणाले, "उठून दाखव." ती उठली. स्वयंपाक केला, धुणं धुतलं, डबा भरून दिला. दुपारी आमची ही सहज डोकावली तर मेव्हणी कापसाच्या ढिगाला टेकून बसलेली, अंग चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं. माझ्या बायकोनं कुणाच्या तापावर थर्मामीटरशिवाय विश्वास ठेवलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"अगं, त्यांना निरोप का नाही पाठवलास?"

"त्यायले खोटं वाटलं तं?" मेव्हणी म्हणाली. मग तापातच रडायला लागली. "इतक्या वर्षांत ह्यायनं कधी मले विचारलं नाई वो, का खरंच दुखते का म्हनून. बाई, मले नाई पाह्यजे थो तुरुंग. माहा मानूस मले होता तसा परत दे."

साडू संध्याकाळी आले. आम्ही दोघं तिथंच होतो. त्यांनी बायकोच्या कपाळाला हात लावला, आणि हात लावल्याबरोबर त्यांची ती वर गेलेली भुवई खाली आली. परत कधी वर गेली नाही. त्यांनी काही सबबी सांगितल्या नाहीत. पाण्याच्या पट्ट्या केल्या, गोळी दिली, पेज शिजवली आणि कपाळावरची पट्टी बदलत तिच्या उशाशी बसून राहिले. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तेव्हा ते आमच्या घरी आले आणि ओट्यावर उभे राहूनच आमच्या हिला म्हणाले, "बाई, तुमची शिकवणी लय चांगली होती. चूक माही आहे. अंगाले हात लावला असता तं मले ताप समजला असता. मी तोंड पाहत बसलो." तिनं त्यांना आत बोलावलं आणि चहात दोन चमचे साखर जास्त घातली.

मुलाखतीच्या दिवशी मी रजा काढून त्यांच्यासोबत गेलो. रजेचा अर्ज देताना कारण साडूंचं सांगितलं नाही. साडूंनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि कॉलरच्या वर मानेला गुलाबी औषध. मी म्हटलं, पुसून टाका. म्हणाले, "पुसलं तं खाजवन, अन् साहेबायसमोर खाजवनं बरं दिसत नाई." कारागृहाच्या बाहेर एक लिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीत मी बसलो. आत काय झालं ते मला साडूंनी बाहेर आल्यावर सांगितलं. मी ते शब्दशः खरं मानतो, कारण तिखटमीठ लावायची कला त्यांच्याकडे कधीच नव्हती.

आत तिघं होते. कारागृहाचे अधीक्षक, एक डॉक्टर आणि एक वयस्कर मेट्रनबाई. औषधांचं, सलाईनचं, जखमेचं विचारून झालं. ती उत्तरं साडूंनी चांगली दिली. मग डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. आतले लोक खोटी दुखणी सांगतात, ते तुम्ही कसं ओळखाल?

साडू म्हणाले, "नाई ओळखता येत साहेब."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. साडू पुढे म्हणाले, "शिकून पाह्यलं. घरी शिकवणी लावली होती. पन बायकोचा खरा ताप खोटा ठरवला, मंग सोडून देल्लं."

"मग इथे कसं करणार?" अधीक्षकांनी विचारलं.

"ज्याले ओळखता येते थो तोंड पाहून सांगते साहेब. मले येत नाई. म्हनून मले दर टायमाले नाडी पाहा लागते, पोटाले हात लावा लागते, ताप मोजा लागते. मले येळ जास्त लागते, थे आधीच सांगून ठेवतो."

"आणि एवढं करून माणूस खोटाच निघाला तर?"

"तं चांगलंच झालं ना साहेब. बिमार नवता."

मेट्रनबाई हसल्या, म्हणे. अधीक्षक हसले नाहीत. त्यांनी साडूंच्या मानेकडे बोट करून हे गुलाबी काय म्हणून विचारलं. साडूंनी घरातल्या कापसाचं सांगितलं. त्यावर इतका वेळ टेबलाखाली दंड खाजवत असलेले डॉक्टर थबकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सासऱ्यांचा कापूस माझ्याकडे येऊन पडलाय. ह्या औषधानं फरक पडतो का हो?" पुढची मुलाखत डॉक्टरांच्या खाजेवर झाली.

नोकरी मिळाली नाही. दुसऱ्या एकाला घेतलं. त्या माणसाला आम्ही बाहेर पडताना पाहिलं होतं, उंचापुरा, मोठ्या मिशीचा. साडूंना वाईट वाटलं नाही असं नाही, दोन दिवस ते फार बोलले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्यायनं बरोबरच केलं साडभाऊ. मिशी पाह्यली ना त्याची? त्याले कोन फसवन?" दवाखाना बंद झाला. कापूस मिळेल त्या भावाला गेला, आणि बैठकीला खिडकी आहे हे लहान मुलांना नव्यानं कळलं. मेव्हणीनं शिवणयंत्र काढलं. साडू सायकलवर घरोघरी जाऊन ड्रेसिंग करत, इंजेक्शन देत. त्या उन्हाळ्यात ते बरेच वाळले. आमची ही त्यांना वाटेत अडवून जेवायला बसवायची. "घरी जेवलो" हे त्यांचं म्हणणं तिला कधी पटलं नाही.

पावसाळा लागल्यावर कारागृहातून बोलावणं आलं. मिशीवाल्याला उमरखेडकडे आपल्या गावाजवळ कायमची नोकरी लागली होती, आणि यादीत पुढचं नाव साडूंचं होतं. ते रुजू झाले. कंत्राट संपलं की नवं होई, असं करत करत ते तिथे पुष्कळ वर्षं टिकले.

फसवलं त्यांना लोकांनी, नाही असं नाही. हवालदारांचं भाकीत खोटं कसं ठरणार! पहिल्याच महिन्यात कुणी दूध लावून घेतलं, कुणी खाट मिळवली. पहारेकरी हसत. आमची ही दर रविवारी विचारायची, "जवाईबापू, या आठवड्यात किती जणांनी फसवलं?" साडू प्रामाणिकपणे म्हणत, "बाई, थे मले कसं समजन?" पण एवढं खरं की त्यांच्या हाताखालून कुणी न तपासता परत गेला नाही. त्यामुळे त्यांच्या दारापुढची रांग दुपार कलली तरी हलत नसे, आणि वरिष्ठांच्या तक्रारीही तेवढ्याच लांब. साडू तक्रार ऐकून घेत, मान डोलावत आणि पुढच्याचं मनगट धरत.

एक गोष्ट मात्र बदलली. पूर्वी हा माणूस रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाची कहाणी आम्हाला येऊन सांगायचा, स्वतःच्या डोळ्यांत पाणी आणून. तुरुंगातली एकही कहाणी त्यांनी कधी सांगितली नाही. ड्यूटी संपली की ते घरी जाताना आमच्या ओट्यावर जरा वेळ टेकत. आपल्याच तंद्रीत समोरच्या रस्त्याकडे पाहत चहा पीत. एकदा मला राहवलं नाही. मी विचारलं, "साडभाऊ, आत कोण कोण असतं हो? काय काय केलेले लोक आहेत?"

"मी विचारतच नाई," ते म्हणाले.

"का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "विचारलं तं सांगतीन ना साडभाऊ. सगळे सांगतीन का आमी काई केलं नाई म्हनून. अन् मले तं खरंच वाटन." मग म्हणाले, "मंग संध्याकाळी दार लावाची वेळ झाली का मी बाहेर कसा येऊ?"

आमची ही दारात उभी होती. तिनं ऐकलं, आणि ती आत गेली. साडूंनी कप स्वतःच विसळून ठेवला, चपला घातल्या, सायकल काढली. आमच्या घरापासून त्यांच्या घराकडचा रस्ता उताराचा आहे. तिथे पायडलसुद्धा मारावं लागत नाही, नुसतं बसलं की माणूस घरी. त्या दिवशी ते सायकलवर बसले नाहीत. हँडल हातात धरून तो सगळा उतार सावकाश पायी उतरत गेले, आणि वळणाआड होईपर्यंत मी ओट्यावर उभा होतो.